युगोस्लाव्हियाचा इतिहास कसा वाचावा : एका बहुराष्ट्रीय देशाची घडण आणि विघटन

युगोस्लाव्हिया हा देश ७३ वर्षांत दोनदा उभा राहिला आणि दोनदा मोडला. डिसेंबर १९१८ मध्ये तो राजेशाही म्हणून स्थापन झाला आणि एप्रिल १९४१ मध्ये जर्मनीच्या आक्रमणापुढे दोन आठवड्यांच्या आत कोसळला. कम्युनिस्ट पार्टिझनांनी, म्हणजे गनिमी लढवय्यांनी, १९४३ ते १९४५ या काळात तो नव्याने घडवला आणि १९९१ पासून तो पुन्हा फुटला, या वेळी आतून. या इतिहासाकडे वळणारा वाचक बहुधा शेवटापासून सुरुवात करतो. १९९० च्या दशकातील बोस्नियाच्या युद्धातला साराजेव्होचा वेढा, स्रेब्रेनित्सा येथील हत्याकांड, मोस्तारचा पाडलेला पूल ही दृश्ये आधी समोर येतात आणि मग त्यांचे कारण म्हणून ‘शतकानुशतकांचे वैर’ हे उत्तर सहज हाती लागते. हे उत्तर चुकीचे आहे आणि ते एकदा मनात बसले की पुढचे सगळे वाचन व्यर्थ जाते, कारण वैर जर पूर्वापार असेल तर कोणी, केव्हा, कोणता निर्णय घेतला हे विचारण्याची गरजच उरत नाही.

म्हणून वाचनाला बसण्यापूर्वी एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा : स्वतःचे राज्य मागण्याचा अधिकार कोणाचा, लोकसमूहाचा की सीमा आखून दिलेल्या प्रजासत्ताकाचा? १९१८ पासून आजच्या बोस्नियापर्यंतचा प्रत्येक पेच या प्रश्नापाशी येऊन थांबतो. पुढे जी रीत सांगितली आहे ती याच प्रश्नाभोवती बांधलेली आहे.

आधी शब्द पक्के करा

मराठीत आपण ‘वांशिक’ हा शब्द सरसकट वापरतो, पण येथे तो जपून घ्यावा लागतो. सर्ब, क्रोएट आणि बोस्नियातील मुस्लिम हे तिन्ही समूह दक्षिण स्लाव्ह आहेत आणि एकमेकांना सहज समजणारी भाषा बोलतात. त्यांना वेगळे ओळखले जाते ते ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि इस्लाम या धार्मिक वारशांमुळे आणि वेगवेगळ्या साम्राज्यांखाली काढलेल्या इतिहासामुळे. स्लोव्हेन आणि मॅसिडोनियन यांच्या भाषा वेगळ्या असल्या तरी त्याच कुळातल्या आहेत. अल्बेनियन आणि हंगेरियन भाषा मात्र स्लाव्ह नाहीत.

पार्टिझनांचे नेते आणि युद्धानंतर देशाचे सर्वेसर्वा झालेले टिटो यांच्या युगोस्लाव्हियात समूहांची दोन दर्जांत विभागणी होती. ‘नारोद’ म्हणजे राष्ट्र घडवणारा लोकसमूह. सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, मॅसिडोनियन, मॉन्टेनेग्रिन आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मुस्लिम असे सहा नारोद मानले जात. यातील ‘मुस्लिम’ हे राष्ट्रीय ओळखीचे नाव होते. १९९३ पासून त्या जागी ‘बोस्नियाक’ हा शब्द रूढ झाला. ‘नारोदनोस्त’ म्हणजे ज्यांचे मूळ राष्ट्र सीमेबाहेर आहे असा समूह, उदाहरणार्थ अल्बेनियन आणि हंगेरियन. हा फरक कोरडा वाटेल, पण १९८१ च्या जनगणनेचे आकडे शेजारी मांडले की त्यातली मेख दिसते. त्या वर्षी देशात सुमारे १७.३ लाख अल्बेनियन होते आणि सुमारे ५.८ लाख मॉन्टेनेग्रिन. तरीही मॉन्टेनेग्रिनांना प्रजासत्ताक होते, अल्बेनियनांना नव्हते. त्यांच्या वाट्याला कोसोव्हो हा सर्बियातील स्वायत्त प्रांत आला होता. त्याच वर्षी प्रिश्टिनात सुरू झालेल्या निदर्शनांमध्ये ‘कोसोव्हो प्रजासत्ताक’ ही घोषणा का घुमली हे यावरून कळते.

याच जनगणनेतला आणखी एक आकडा टिपून ठेवावा. सुमारे १२.२ लाख लोकांनी, म्हणजे लोकसंख्येच्या ५.४ टक्क्यांनी, आपली ओळख केवळ ‘युगोस्लाव्ह’ अशी नोंदवली होती. त्यांच्याकडे आपण शेवटी परत येऊ.

दोन नकाशे एकमेकांवर ठेवा

पहिला नकाशा पहिल्या महायुद्धाच्या आधीचा घ्यावा. स्लोव्हेन प्रदेश आणि दाल्मेशियाचा किनारा ऑस्ट्रियाकडे, क्रोएशिया-स्लाव्होनिया आणि आजचा व्होय्वोदिना हंगेरीच्या राजमुकुटाखाली, बोस्निया १८७८ पासून हॅब्सबर्ग, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजघराण्याच्या, ताब्यात आणि १९०८ मध्ये अधिकृतपणे विलीन, सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो स्वतंत्र, तर कोसोव्हो आणि मॅसिडोनिया १९१२ पर्यंत ओटोमन सत्तेखाली असे ते चित्र आहे. कायदे, जमीनदारी, शाळा, रेल्वे यांतले काहीच या प्रदेशांत समान नव्हते. ओटोमन सीमेलगत हॅब्सबर्ग सत्तेने जो लष्करी सरहद्दीचा पट्टा, म्हणजे क्रायिना, वसवला होता तो या नकाशावर रंगवून घ्यावा. क्रोएशियात सर्ब वस्ती का आहे आणि १९९० मध्ये क्नीन हे गाव एकाएकी बातम्यांत का आले, याचे उत्तर बरेचसे त्या रंगवलेल्या पट्ट्यात आहे.

दुसरा नकाशा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सहा प्रजासत्ताकांचा आणि सर्बियातील दोन स्वायत्त प्रांतांचा. त्यावर १९९१ च्या जनगणनेतील वस्ती भरावी. स्लोव्हेनियात स्लोव्हेन जवळजवळ ८८ टक्के होते. क्रोएशियात सर्ब सुमारे १२ टक्के. बोस्निया-हर्झेगोव्हिनात मुस्लिम ४३.५, सर्ब ३१.२ आणि क्रोएट १७.४ टक्के, म्हणजे कोणत्याच समूहाचे बहुमत नव्हते. देशातील सर्बांपैकी साधारण एक चतुर्थांश सर्बियाबाहेर राहत होते. हा नकाशा काळजीपूर्वक भरला तर युद्धे कोठे थोडक्यात मिटली आणि कोठे वर्षानुवर्षे चालली याचा अंदाज युद्धाविषयी एक ओळही न वाचता बांधता येतो. मात्र नकाशा फक्त शक्यता दाखवतो. मिश्र वस्ती हे युद्धाचे कारण नसते. तिला कारण बनवावे लागते.

घडणीचे दोन प्रयत्न वेगळे वाचा

१९१८ चे राज्य कोणी कोणावर लादले की सर्वांनी मागितले, यावर आजही वाद घातला जातो. दोन्हीत तथ्य आहे. जुलै १९१७ च्या कोर्फू जाहीरनाम्यात सर्बियाचे सरकार आणि हॅब्सबर्ग प्रदेशांतून बाहेर पडलेले राजकारणी यांनी एका संयुक्त राज्याची कल्पना मान्य केली होती. १९१५ च्या लंडन तहाने इटलीला एड्रियाटिक किनाऱ्याचे मोठे भाग देऊ केले असल्यामुळे क्रोएट आणि स्लोव्हेन नेत्यांनाही सैन्य असलेला आधार हवा होता. पण राज्य कसे असावे, एककेंद्री की संघराज्य, हे न ठरवताच १ डिसेंबर १९१८ रोजी ‘सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचे राज्य’ घोषित झाले, आणि जून १९२१ च्या राज्यघटनेने बेलग्रेडकेंद्री रचना पक्की केली. त्यानंतरच्या कालपटात तीन तारखा पुरेशा आहेत : २० जून १९२८, जेव्हा भर संसदेत क्रोएट शेतकरी पक्षाचे नेते स्त्येपान रादिच यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ६ जानेवारी १९२९, जेव्हा राजा अलेक्झांडर यांनी घटना रद्द करून हुकूमशाही आणली आणि त्याच वर्षी देशाला युगोस्लाव्हिया हे नाव दिले, आणि ९ ऑक्टोबर १९३४, जेव्हा मार्सेल्स येथे त्यांचा खून झाला. क्रोएशियाला स्वायत्त बानोव्हिनाचा, म्हणजे प्रांताचा, दर्जा देणारा करार ऑगस्ट १९३९ मध्ये झाला. तो काही दिवसांनी सुरू झालेल्या महायुद्धाने निरर्थक ठरवला.

१९४१ ते १९४५ ही चार वर्षे घाईने ओलांडू नयेत. या काळात परकीय कब्जा, त्याविरुद्धचा लढा आणि यादवी ही तिन्ही एकाच वेळी चालू होती. आंते पावेलिच यांच्या उस्ताशे या क्रोएट फॅसिस्ट राजवटीने सर्ब, ज्यू आणि रोमा यांचा संहार केला. यासेनोव्हात्स ही तिची सर्वांत कुप्रसिद्ध छळछावणी. सर्ब राजनिष्ठ चेतनिकांनी पूर्व बोस्निया आणि सांजाक येथे मुस्लिमांच्या कत्तली केल्या. या सर्वांविरुद्ध लढणाऱ्या टिटोंच्या पार्टिझनांनी २९ नोव्हेंबर १९४३ रोजी यायत्से येथे संघराज्याचा पाया घातला, आणि विजयानंतर त्यांनीही पराभूत शत्रूंची चौकशीविना मोठ्या प्रमाणावर हत्या केली. युद्धानंतरच्या सरकारने एकूण मृतांचा आकडा १७ लाख सांगितला. पुढे लोकसंख्याशास्त्रीय अभ्यासांनी तो सुमारे १० लाख असल्याचे दाखवले. यासेनोव्हात्सबाबत ७ लाख हा आकडा अनेक दशके शिकवला गेला, तर क्रोएट राष्ट्रवाद्यांनी तो हास्यास्पद वाटेल इतका खाली ओढला. तेथील स्मारकाच्या नामावलीत ८३ हजारांहून अधिक नावे आहेत. ‘बंधुत्व आणि ऐक्य’ या घोषणेखाली या आठवणींवर मोकळेपणे बोलणे टाळले गेले, म्हणून १९८० च्या दशकात त्या ज्यांना वापरायच्या होत्या त्यांच्या हाती त्या न तपासलेल्या स्वरूपात पडल्या. मला हा टिटोकालीन व्यवस्थेचा सर्वांत महागात पडलेला दोष वाटतो.

१९४५ ते १९७४ हा भाग त्या मानाने लवकर वाचता येतो. स्टालिनशी १९४८ मध्ये झालेली फारकत, कामगार स्वव्यवस्थापनाचा प्रयोग आणि नेहरू, नासेर यांच्या सहभागाने सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला भरलेली अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद यांमुळे देशाला जगात प्रतिष्ठा मिळाली. १९७१ ची क्रोएशियातील चळवळ टिटोंनी दडपली, पण तिच्या बऱ्याच मागण्या १९७४ च्या राज्यघटनेत आल्या.

खरा वेळ १९७४ ते १९९१ या वर्षांना द्या

या टप्प्यासाठी वहीत चार रकाने आखावेत : तारीख, निर्णय, निर्णय घेणारी व्यक्ती किंवा संस्था, आणि त्या क्षणी उपलब्ध असलेला दुसरा पर्याय. चौथा रकाना भरणे सर्वांत कठीण जाते आणि तोच सर्वाधिक शिकवतो.

१९७४ च्या घटनेने प्रजासत्ताकांना जवळजवळ राज्यांचे अधिकार दिले आणि सर्बियातील दोन प्रांतांना संघाच्या पातळीवर स्वतंत्र मत दिले. तिच्या प्रास्ताविक तत्त्वांत आत्मनिर्णयाचा, अगदी वेगळे होण्याचाही, हक्क लोकसमूहांचा म्हणून उल्लेखलेला आहे, पण तो कोणत्या मार्गाने वापरायचा हे सांगितलेले नाही. सुरुवातीला वहीत लिहिलेला प्रश्न घटनेनेच असा अर्धवट सोडला होता. ४ मे १९८० रोजी टिटो वारले आणि आठ सदस्यांचे फिरते अध्यक्षमंडळ देश चालवू लागले. याच वेळी सुमारे २० अब्ज डॉलरचे परकीय कर्ज फेडण्यासाठी काटकसर लादली गेली, राहणीमान घसरले आणि दशकाच्या शेवटी महागाई आटोक्याबाहेर गेली. विघटनाच्या पुस्तकांत अर्थकारणाचे प्रकरण वाचक वगळतात; ते वगळू नये, कारण श्रीमंत स्लोव्हेनियाने ‘आम्ही का भरायचे’ आणि गरीब दक्षिणेने ‘आम्हाला का मिळत नाही’ असे विचारणे त्या प्रकरणातच सुरू होते.

सर्बियाचे कम्युनिस्ट नेते स्लोबोदान मिलोसेविच यांचा उदय नोंदवताना १९८७ ते १९८९ ही वर्षे महिन्यागणिक लिहावीत. एप्रिल १९८७ मध्ये कोसोव्हो पोल्ये येथे त्यांनी सर्बांच्या तक्रारींना उघड पाठिंबा दिला. सप्टेंबरमध्ये त्यांनी पक्षातील आपले मार्गदर्शक इव्हान स्तांबोलिच यांना बाजूला सारले. रस्त्यावरच्या मोर्चांच्या जोरावर व्होय्वोदिना आणि मॉन्टेनेग्रो येथील नेतृत्व बदलले. आणि मार्च १९८९ मध्ये कोसोव्होची स्वायत्तता कापली. प्रांतांची मते मात्र त्यांनी रद्द केली नाहीत, ती आपल्या बाजूने वापरली. त्यामुळे अध्यक्षमंडळातील आठपैकी चार मते सर्बियाच्या हाती आली. २८ जून १९८९ रोजी कोसोव्होच्या लढाईच्या ६०० व्या स्मृतिदिनी गाझिमेस्तान येथे भरलेला प्रचंड मेळावा या गणितानंतर वाचावा, आधी नव्हे. २८ जून ही तारीख या इतिहासात पुनःपुन्हा येते आणि तिच्यात नियती शोधण्याचा मोह होतो. तारीख काही घडवत नाही. ती कोणी, कोणत्या सभेत, कशासाठी वापरली एवढेच पाहावे.

१९९० हे वर्ष निर्णायक मानावे. जानेवारीत पक्षाच्या चौदाव्या अधिवेशनातून स्लोव्हेन प्रतिनिधी निघून गेले आणि देशाला जोडणारी पक्षयंत्रणा संपली. त्यानंतर वर्षभरात सहाही प्रजासत्ताकांत बहुपक्षीय निवडणुका झाल्या, पण संपूर्ण देशाची निवडणूक कधीच झाली नाही. पंतप्रधान आंते मार्कोविच यांनी वर्षाच्या सुरुवातीला महागाई आवरली होती आणि ते लोकप्रियही होते. तरीही त्यांना सर्व नागरिकांकडून कौल मागण्याची संधी मिळाली नाही. चौथ्या रकान्यात ही नोंद ठळक करावी. क्रोएशियात फ्रान्यो तुजमान सत्तेवर आले, सर्बांच्या मनातील भीती शमवण्याची निकड त्यांच्या सरकारने दाखवली नाही आणि बेलग्रेडने ती भीती पेटवली. ऑगस्टमध्ये क्नीनच्या परिसरात झाडांचे ओंडके टाकून रस्ते अडवले गेले.

मार्च १९९१ मधील एका मतदानापाशी थांबावे. लष्कराने देशभर आणीबाणी लावण्याची मागणी अध्यक्षमंडळापुढे ठेवली होती आणि तिला पाच मते हवी होती. बोस्नियाचे प्रतिनिधी बोगिच बोगिचेविच स्वतः सर्ब होते, त्यामुळे पाचवे मत त्यांचे असेल असे गृहीत धरले गेले होते. त्यांनी विरोधात मत दिले. जन्माने मिळालेली ओळख माणसाची भूमिका ठरवते असे ज्याला वाटते त्याने हे मतदान तपशिलाने वाचावे.

युद्धे एकत्र मिसळू नका

२५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य घोषित केले, आणि त्यानंतरची प्रत्येक लढाई स्वतंत्र पानावर घ्यावी. स्लोव्हेनियातील संघर्ष दहा दिवसांत थांबला, कारण तेथे सर्ब वस्ती नगण्य होती आणि बेलग्रेडला तो प्रदेश राखण्यात रस उरला नव्हता. क्रोएशियात वुकोवार ८७ दिवसांच्या वेढ्यानंतर १८ नोव्हेंबर १९९१ रोजी पडले आणि तेथील रुग्णालयातून नेलेल्या लोकांना ओव्चारा येथे ठार मारण्यात आले. ऑगस्ट १९९५ मध्ये क्रोएशियन सैन्याने क्रायिना परत घेतली तेव्हा दीड लाखांहून अधिक सर्ब घरे सोडून गेले.

या दोन टप्प्यांच्या मध्ये युरोपीय समुदायाच्या बादिंतेर आयोगाची मते वाचावीत. युगोस्लाव्हिया विघटनाच्या प्रक्रियेत आहे आणि प्रजासत्ताकांच्या अंतर्गत सीमा याच आंतरराष्ट्रीय सीमा ठरतील, असे आयोगाने म्हटले. म्हणजे आपल्या प्रश्नाला ‘प्रजासत्ताकाचा’ असे उत्तर मिळाले. ते कायद्याच्या दृष्टीने सुसंगत होते, पण ते प्रत्यक्षात आणण्यासाठी लागणारे बळ कोणी दिले नाही. उलट सप्टेंबर १९९१ मध्ये शस्त्रपुरवठ्यावर घातलेल्या बंदीने लष्कराचा साठा ज्यांच्या हाती होता त्यांचेच पारडे जड ठेवले.

बोस्नियाच्या पानावर तीन धागे वेगळे ठेवावेत. साराजेव्होचा वेढा एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत, सुमारे १,४२५ दिवस चालला. उत्तरेत प्रियेदोर आणि पूर्वेत द्रिना नदीकाठी बिगर-सर्ब लोकांना छावण्या, हत्या, बलात्कार यांच्या साहाय्याने हाकलले गेले. तिसरा धागा १९९३ मधील क्रोएट-बोस्नियाक युद्धाचा; मोस्तारचा जुना पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट तोफांनी पाडला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती भारताचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते. शांतता प्रस्थापित झालेली नसताना शांतिरक्षक पाठवले की काय होते, हे त्या कार्यकाळातील अडचणींवरून शिकता येते. जुलै १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित’ घोषित केलेल्या स्रेब्रेनित्सात सुमारे ८,००० बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले.

कोसोव्होचे युद्ध १९९८-९९ चे; नाटोची बॉम्बफेक ७८ दिवस चालली आणि २००८ मध्ये कोसोव्होने स्वातंत्र्य घोषित केले. मॉन्टेनेग्रो २००६ मध्ये सार्वमताने, रक्तपाताविना वेगळा झाला. या दोन पानांची तुलना आवर्जून करावी.

शब्द, आकडे आणि निकाल

‘वांशिक शुद्धीकरण’ हा शब्द लिहिताना अवतरणचिन्हे ठेवावीत असे माझे मत आहे, कारण त्यातील ‘शुद्ध’ हा भाग हाकलणाऱ्याची दृष्टी सांगतो. ‘वंशसंहार’ ही कायद्याची संज्ञा आहे. युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या हेगच्या न्यायाधिकरणाने आणि फेब्रुवारी २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने स्रेब्रेनित्सा येथील हत्याकांड हा वंशसंहार असल्याचे ठरवले. सर्बियाने तो घडवला असे न्यायालयाने म्हटले नाही, पण तो रोखण्याचे आणि दोषींना शिक्षा करण्याचे कर्तव्य मोडल्याचे म्हटले. हे वाक्य अर्धे उद्धृत करणारे दोन्ही बाजूंना भेटतात, म्हणून ते पूर्ण लिहून घ्यावे.

बोस्नियातील मृतांचा आकडा युद्धकाळात दोन लाखांवर सांगितला जाई. पुढे नावानिशी केलेल्या नोंदीत तो एक लाखाच्या आसपास आला. खाली आलेला आकडा दुःख कमी करत नाही. प्रत्येक मृताला नाव मिळाल्यामुळे त्याला नाकारणे कठीण होते. न्यायाधिकरणाने १६१ जणांवर आरोप ठेवले. बोस्नियातील सर्बांचे नेते रादोव्हान कराजिच आणि त्यांचे सेनापती रात्को म्लादिच यांना जन्मठेप झाली, बोस्नियातील क्रोएट नेतेही दोषी ठरले, तर मिलोसेविच खटला चालू असतानाच मार्च २००६ मध्ये वारले. गुन्हे सर्व बाजूंनी घडले हे खरे आहे, आणि ते सारख्या प्रमाणात, सारख्या नियोजनाने घडले नाहीत हेही तितकेच खरे आहे. निकालपत्रे लांब असतात, पण त्यांत साक्षी, आदेश आणि तारखा एकत्र मिळतात. एका गावापुरते एक निकालपत्र वाचले तरी अनेक लेखांहून अधिक हाती लागते.

शेवटचे पान डेटन कराराचे. नोव्हेंबर १९९५ च्या या कराराने बोस्नियातील लढाई थांबवली आणि त्याच्याच चौथ्या परिशिष्टात देशाची राज्यघटना आहे. तिच्यानुसार बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब असे तीन सदस्यांचे अध्यक्षमंडळ असते. बाकीचे सगळे ‘इतर’. एका रोमा आणि एका ज्यू नागरिकाने या तरतुदीविरुद्ध दाद मागितली आणि डिसेंबर २००९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ती भेदभाव करणारी ठरवली. आता पहिल्या पानावरचा प्रश्न आणि ‘युगोस्लाव्ह’ ओळखीचा आकडा पुन्हा उघडावा. १९९१ मध्ये बोस्नियातील ५.५ टक्के लोकांनी, म्हणजे जवळजवळ अडीच लाख माणसांनी, स्वतःला युगोस्लाव्ह म्हणवले होते. ज्याने आजही तेच उत्तर दिले त्याला डेटनच्या घटनेत ‘इतर’ हा रकाना मिळतो, आणि त्या रकान्यातून देशाच्या अध्यक्षमंडळासाठी उभे राहता येत नाही.